समुद्रातली भांगलण कोण करतं? काटेरी सी अर्चिनची मोजणी आणि प्रवाळांचं जगणं-मरणं

सांगली, आष्टा, इस्लामपूर भागातल्या लोकांसाठी समुद्र म्हटलं की बहुतेक वेळा मालवण. कोल्हापूर ओलांडायचं, घाट उतरायचा आणि दुसऱ्या दिवशी सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आसपास तोंडाला नळी आणि डोळ्यांना चष्मा लावून पाण्यात डोकं घालायचं. मोबाईलवर टाकलेल्या त्या व्हिडिओंमध्ये रंगीत मासे दिसतात, प्रवाळ दिसतात. खडकाच्या कपारीत अंग चोरून बसलेल्या काटेरी गोळ्याकडे मात्र कुणाचं लक्ष जात नाही. गेलंच तर ‘इथे पाय ठेवू नका’ एवढंच सांगितलं जातं.

या काटेरी गोळ्याला इंग्रजीत सी अर्चिन म्हणतात. ‘अर्चिन’ हा साळिंदरासारख्या काटेरी ‘हेजहॉग’ या प्राण्यासाठीचा जुना इंग्रजी शब्द. म्हणून मराठीत त्याला समुद्री साळिंदर म्हटलं, तर ते मुळाला धरूनच आहे.

जगातल्या अनेक प्रवाळ खडकांचं भवितव्य या प्राण्याच्या संख्येवर अवलंबून असतं, आणि ते १९८३ साली एका मोठ्या संकटामुळे जगाला कळलं. तेव्हापासून काही शास्त्रज्ञ दर वर्षी, दर हंगामात, अनेकदा रात्रीच्या अंधारात, पाण्याखाली जाऊन हे काटेरी गोळे एक-एक करून मोजत आहेत.

हा प्राणी नेमका आहे तरी काय?

सी अर्चिन तारामासा आणि समुद्री काकडी यांच्या कुळातला. त्याला वेगळं डोकं नाही, आपल्यासारखा मेंदू नाही. बाहेर काटे, आत चुन्याचं गोल कवच आणि काट्यांच्या मधून बाहेर येणारे शेकडो नळीसारखे मऊ पाय. या पायांना टोकाशी चिकटण्याची सोय असते. त्यांच्या जोरावर तो उभ्या खडकावरही चढतो.

तोंड खालच्या बाजूला. त्यात पाच दात आणि ते हलवणारी गुंतागुंतीची यंत्रणा. या यंत्रणेचं वर्णन दोन हजारांहून अधिक वर्षांपूर्वी ग्रीक विद्वान अ‍ॅरिस्टॉटलने केलं होतं. म्हणून आजही जीवशास्त्रात तिला ‘अ‍ॅरिस्टॉटलचा कंदील’ म्हणतात. या कंदिलाने सी अर्चिन खडकावरचं शैवाल खरवडून खातो. रात्रभर खरवडतो, दिवसा कपारीत जाऊन बसतो. बस्स, एवढंच त्याचं काम.

पण हे काम किती मोठं आहे ते समजायला शेताकडे यावं लागेल.

उसाची लागण झाल्यावर पहिले दोन-तीन महिने भांगलण झाली नाही तर काय होतं, हे वाळवा तालुक्यातल्या कुणालाही विचारा. ऊस हळू वाढतो, तण झपाट्याने वाढतं. ऊन, पाणी, खत सगळं तण खाऊन टाकतं आणि ऊस खुरटतो. प्रवाळ आणि शैवाल यांचं नातं असंच आहे. प्रवाळ हा प्राणी आहे, वनस्पती नाही. त्याच्या शरीरात अतिसूक्ष्म शैवाल राहतं आणि त्याला अन्न पुरवतं, ती गोष्ट वेगळी. इथे प्रश्न आहे तो खडकावर गवतासारख्या किंवा झुडपासारख्या वाढणाऱ्या मोठ्या शैवालाचा. ते आठवड्यांत पसरतं. प्रवाळाची खडक रचणारी अनेक कुळं वर्षाला एखादा सेंटिमीटर किंवा त्याहून कमी वाढतात.

त्यातही खरी अडचण नव्या प्रवाळांची. प्रवाळाचं पिल्लू, म्हणजे त्याची अळी, पाण्यात तरंगत येते आणि मोकळा, स्वच्छ खडक शोधून तिथे कायमची चिकटते. खडक शैवालाने झाकलेला असेल तर तिला बसायला जागाच नाही. कशीबशी बसली तरी शैवाल तिला झाकून टाकतं. मोठे प्रवाळ वादळाने किंवा उष्णतेने मेले, तर त्यांच्या जागी नवे येण्याची वाटच बंद होते.

म्हणजे समुद्रात भांगलणीला माणसं लागतात. ती कामं करतात शैवाल खाणारे मासे आणि सी अर्चिन.

१९८३: तेरा महिन्यांत एक अख्खा समुद्र

अमेरिका खंडाच्या मधोमध असलेल्या कॅरिबियन समुद्रात लांब काळ्या काट्यांचा एक सी अर्चिन राहतो. शास्त्रीय नाव डायडेमा अँटिलारम. काटे ३० सेंटिमीटरपर्यंत लांब, म्हणजे शाळेतल्या पट्टीएवढे. १९८३ पूर्वी तो तिथे इतका होता की पोहणारे त्याला वैतागत. एकेका चौरस मीटरमध्ये अनेक.

जानेवारी १९८३ मध्ये पनामा कालव्याच्या कॅरिबियनकडच्या तोंडाजवळ हे सी अर्चिन मरू लागले. आधी काटे गळायचे, मग खडकावरची पकड सुटायची, मग काही दिवसांत फक्त पांढरं कवच उरायचं. पनामात स्मिथसोनियन संस्थेच्या उष्णकटिबंधीय संशोधन केंद्रात हॅरिलाओस लेसिओस हे शास्त्रज्ञ याच प्राण्याचा अभ्यास करत होते. त्यांच्याकडे आधीची मोजणी होती, त्यामुळे किती मेले हे त्यांना सांगता आलं.

मरतुक समुद्राच्या प्रवाहांबरोबर पसरत गेली. काही ठिकाणी ती प्रवाहाच्या उलट दिशेलाही गेली, त्यामुळे जहाजांवर संशय गेला. जहाजं तोल राखण्यासाठी एका बंदरात पाणी भरून घेतात आणि दुसऱ्या बंदरात सोडतात. रोग पनामा कालव्याच्या दारातच सुरू झाल्याने तो संशय आणखी बळावला. सुमारे तेरा महिन्यांत जवळपास ३५ लाख चौरस किलोमीटरचा प्रदेश या रोगाने पालथा घातला. संपूर्ण भारताचं क्षेत्रफळ त्याहून थोडं कमी आहे. बहुतेक ठिकाणी ९० टक्क्यांहून जास्त, काही ठिकाणी ९९ टक्क्यांपर्यंत सी अर्चिन गेले.

कारण? १९८३ च्या त्या रोगाचा जंतू कधीच सापडला नाही. तपासायला ताजे नमुने मिळेपर्यंत साथ पुढे निघून गेलेली असायची.

जमैकाने काय चूक केली होती?

खरा धक्का त्यानंतर बसला, आणि सर्वांत जास्त जमैका बेटाला.

जमैकाच्या किनाऱ्यावर पिढ्यान् पिढ्या बेसुमार मासेमारी झाली होती. शैवाल खाणारे पोपटमासे आणि त्यांचे भाऊबंद जवळजवळ संपले होते. तरीही प्रवाळ ठीक दिसत होते, कारण माशांचं काम सी अर्चिन करत होते. उलट मासे नसल्याने सी अर्चिनला खाणारे शत्रूही कमी होते आणि अन्नात वाटेकरीही नव्हते, म्हणून त्यांची संख्या भरमसाट वाढली होती. वरवर पाहता सगळं आलबेल.

म्हणजे भांगलणीला पूर्वी दहा जण असत. त्यातले नऊ गेले, पण दहावा गडी इतका दणकट होता की शेत स्वच्छच दिसायचं. १९८० साली अ‍ॅलन नावाच्या मोठ्या चक्रीवादळाने जमैकाचे प्रवाळ मोडले. तीन वर्षांनी दहावा गडीही गेला.

पर्यावरणशास्त्रज्ञ टेरी ह्यूज यांनी १९९४ मध्ये जमैकाचे आकडे मांडले. १९७० च्या दशकाच्या शेवटी खडकांचा ५० टक्क्यांहून जास्त भाग जिवंत प्रवाळांनी व्यापलेला होता. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला तो ५ टक्क्यांच्याही खाली आला. त्याच काळात शैवालाने व्यापलेला भाग ४ टक्क्यांवरून ९२ टक्क्यांवर गेला. पंधरा-सोळा वर्षांत प्रवाळाचं शेत तणाचं रान झालं.

या सगळ्याचा दोष एकट्या रोगावर टाकणं सोपं आहे, पण ते बरोबर नाही. जिथे शैवाल खाणारे मासे शाबूत होते, तिथे सी अर्चिन गेल्यावरही फटका कमी बसला. रोगाने फक्त शेवटचा आधार काढून घेतला.

एवढे दिवस झाले, मग संख्या भरून का येत नाही?

एक मादी सी अर्चिन एका वेळी लाखो अंडी सोडते. मग दोन-चार वर्षांत सगळं पूर्ववत व्हायला हवं होतं. झालं नाही. ३० वर्षांनंतरच्या आढाव्यात लेसिओस यांनी दाखवलं की कॅरिबियनमधली सरासरी घनता जुन्या घनतेच्या साधारण १२ टक्केच होती.

कारण त्यांच्या प्रजननाच्या पद्धतीत आहे. नर आणि मादी एकमेकांजवळ येत नाहीत. दोघंही आपापली बीजं थेट पाण्यात सोडतात आणि फलन पाण्यातच होतं. शेजारी-शेजारी दहा सी अर्चिन असतील तर हे जमतं. पण सर्वांत जवळचा जोडीदार पन्नास मीटर लांब असेल तर बीजं पाण्यात विरून जातात. लाखो अंडी, फलन जवळजवळ शून्य. म्हणजे एका मर्यादेखाली संख्या गेली की उरलेले जिवंत असूनही वंश वाढत नाही.

त्यातून अळी तयार झालीच, तर ती महिनाभराहून अधिक काळ प्रवाहाबरोबर वाहते. खडकाला लागली, तर तो खडक आता शैवालाने झाकलेला. त्यातून बसली, तर चिमुकल्या सी अर्चिनला लपायला मोठ्यांच्या काट्यांचं छत्र नाही, कारण मोठे उरलेलेच नाहीत. खेकडे आणि मासे त्याला टिपतात.

तरी काही ठिकाणी आशा दिसली. जमैकाच्याच उत्तर किनाऱ्यावर, उथळ पाण्यात, काही पट्ट्यांमध्ये सी अर्चिन परत आले. २००१ मध्ये पीटर एडमंड्स आणि रॉबर्ट कार्पेंटर या शास्त्रज्ञांनी त्या पट्ट्यांची शेजारच्या शैवालाने भरलेल्या भागाशी तुलना केली. जिथे चौरस मीटरला साधारण पाच सी अर्चिन होते, तिथे शैवाल नगण्य होतं आणि प्रवाळांची पिल्लं दुपटीपासून अकरा पटीपर्यंत जास्त होती. भांगलण सुरू झाली की शेत परत धरतं, याचा याहून सरळ पुरावा मिळणं कठीण.

मोजतात कसे?

सगळा समुद्र मोजता येत नाही, हे उघड आहे. इथेही शेतकऱ्याला ओळखीची पद्धत कामी येते. पीक विम्यासाठी कापणी प्रयोग होतो तेव्हा मंडळातलं प्रत्येक शेत कापत नाहीत. चिठ्ठी टाकल्यासारखं काही शेतं निवडतात, त्यात ठरावीक मापाचा तुकडा आखतात, तेवढाच कापून वजन करतात आणि त्यावरून मंडळाची सरासरी काढतात. प्रयोग कुठल्या तुकड्यात घेतला यावरून गावात किती वाद होतात, हेही सगळ्यांना माहीत आहे.

समुद्रात खडकावर मापाची फीत अंथरतात. पाणबुड्या फितीच्या दोन्ही बाजूंना ठरलेल्या रुंदीपर्यंत जेवढे सी अर्चिन दिसतील तेवढे पाटीवर लिहीत जातो. पाण्याखाली लिहिता येणारी प्लास्टिकची पाटी आणि साधी पेन्सिल, एवढंच साहित्य. ‘रीफ चेक’ ही १९९७ पासून जगभर चालणारी मोहीम स्वयंसेवकांना हे शिकवते. तिच्या पद्धतीत २० मीटर लांब आणि ५ मीटर रुंद असे चार पट्टे मोजतात आणि दोन पट्ट्यांमध्ये पाच मीटर जागा सोडतात. मोजायच्या प्राण्यांच्या यादीत लांब काट्यांचा डायडेमा आहेच.

सांगायला सोपं, करायला नाही. पहिली अडचण वेळेची. डायडेमा दिवसा कपारीत असतो. दुपारी मोजणी केली तर संख्या कमी भरते, रात्री केली तर जास्त. एका वर्षी दिवसा आणि पुढच्या वर्षी रात्री मोजलं, तर ‘संख्या वाढली’ असा खोटा निष्कर्ष निघतो. म्हणून वेळ, जागा, खोली, पट्ट्याचं माप सगळं दर वेळी तेच ठेवावं लागतं. शक्यतो मोजणारा माणूसही.

दुसरी अडचण सरासरीची. समजा २० चौरस मीटरचे दहा पट्टे मोजले आणि एकूण ४० सी अर्चिन मिळाले. सरासरी आली चौरस मीटरला ०.२, म्हणजे नगण्य. पण ते सगळे ४० एकाच पट्ट्यात असतील, तर त्या जागी घनता चौरस मीटरला २ आहे. तिथे फलन होऊ शकतं, तिथलं शैवालही साफ होऊ शकतं. तेच ४० जण दहा पट्ट्यांत विखुरलेले असतील, तर ते नुसते जिवंत आहेत. सरासरी एकच, भविष्य वेगळं. त्यामुळे चांगल्या अहवालात नुसती सरासरी नसते, पट्ट्यागणिक आकडे असतात. बातम्यांमध्ये मात्र सरासरीच येते, आणि तिथेच घोळ होतो.

तिसरी गोष्ट आकाराची. प्रत्येक सी अर्चिनच्या कवचाचा व्यास मापकाने घेतात, काट्यांचा नाही. का? एखाद्या गावात शंभर माणसं आहेत, पण शाळेच्या पटावर एकही पोर नाही, तर त्या गावाचं पुढे काय होणार हे सांगायला ज्योतिषी लागत नाही. सगळे सी अर्चिन मोठे असतील, तर नवे येत नाहीत. लहान, मध्यम, मोठे तिन्ही असतील, तर संख्या कमी असली तरी वस्ती सावरते आहे. लहानग्यांवर काट्यांना आडवे पांढरे-काळे पट्टे असतात. ते दिसले की मोजणारे खूश होतात.

काही ठिकाणी खडबडीत प्लास्टिकच्या पट्ट्या किंवा गोळे पाण्यात टांगून ठेवतात आणि त्यावर किती अळ्या येऊन बसतात ते सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात. अळ्या येत असतील पण खडकावर लहानगे दिसत नसतील, तर अडचण येण्यात नाही, जगण्यात आहे. मग उपाय वेगळा.

२०२२: रोग परत आला

जानेवारी २०२२ मध्ये कॅरिबियनमधल्या सेंट थॉमस बेटावर पुन्हा तीच लक्षणं दिसली. काटे गळालेले, पाय लोंबणारे सी अर्चिन खडकावरून घसरून वाळूत पडत होते. तेच वर्ष, ज्या वर्षी आपल्याकडे लम्पीने गोठे हादरवले. रोग आणि प्राणी सर्वस्वी वेगळे, पण गोठ्यामागून गोठा गाठत साथ सरकते तेव्हा पाहणाऱ्याची जी अवस्था होते, ती तिथल्या पाणबुड्यांचीही झाली.

या वेळी फरक होता. गेल्या चाळीस वर्षांत मोजणारे लोक तयार झाले होते, बेटाबेटांवर ओळखी होत्या, इंटरनेट होतं. मेलेले सी अर्चिन कुठे दिसले याचा नकाशा लोकांच्या नोंदींवरून तयार होत गेला आणि आजारी व निरोगी दोन्ही ठिकाणचे नमुने प्रयोगशाळेत पोहोचले. काही महिन्यांतच संशयित सापडला, आणि एप्रिल २०२३ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाला. दोषी होता फिलास्टर गटातला एक सूक्ष्म, एकपेशी, केसाळ जीव. विषाणू नाही, जिवाणूही नाही. प्रयोगशाळेत वाढवलेला हा जीव दहा निरोगी सी अर्चिनच्या पाण्यात सोडला, तेव्हा सहा काही दिवसांत मेले.

१९८३ चा गुन्हेगारही हाच होता का? लक्षणं तीच, वेग तोच. त्यामुळे तसा कयास आहे. त्यापलीकडे जाऊन छातीठोक विधान कुणी केलं, तर ते जरा सावधपणे घ्यावं.

त्यानंतर रोग दुसऱ्या समुद्रांत दिसला. भूमध्य समुद्राच्या पूर्व भागात, मग लाल समुद्राच्या अकाबा आखातात डायडेमा सेटोसम ही जात मेली. तिथल्या इलात शहराजवळच्या खडकांवर, जिथे हे काळे गोळे सर्वत्र दिसत, तिथे काही दिवसांत फक्त सांगाडे उरले. तेल अवीव विद्यापीठातल्या संशोधकांनी जनुकीय तपासणी केली तेव्हा दोषी तोच निघाला. आणि २०२३ मध्ये हिंदी महासागरातल्या रीयुनियन बेटावरही डायडेमाच्या कुळातल्या सी अर्चिनमध्ये तोच आढळला. रीयुनियन मादागास्करच्या पूर्वेला आहे. म्हणजे रोग आता आपल्या महासागरात आहे.

जास्त म्हणजे चांगलं, असंही नाही

इथपर्यंत वाचून सी अर्चिन जितके जास्त तितकं बरं, असं वाटेल. केनियाचा अनुभव उलटा आहे. तिथे मासेमारीमुळे सी अर्चिन खाणारे ट्रिगर मासे संपले आणि सी अर्चिन बेसुमार वाढले. त्यांच्या दातांनी शैवालाबरोबर खडकही खरवडला जाऊ लागला आणि प्रवाळांचा पायाच झिजला. मासेमारीला बंदी असलेल्या सागरी उद्यानांत सी अर्चिन कमी आणि प्रवाळ जास्त, असं तिथे दिसलं.

कॅलिफोर्नियात तर प्रवाळ नाहीत, पण केल्प या उंच शैवालाची जंगलं आहेत. २०१३ पासून एका रोगाने तिथले सूर्यफुली तारामासे, म्हणजे सी अर्चिनचे शत्रू, संपवले. जांभळे सी अर्चिन वाढले आणि उत्तर कॅलिफोर्नियातलं ९० टक्क्यांहून जास्त केल्प गेलं. तिथे लोक हातोडी घेऊन सी अर्चिन फोडतात. कॅरिबियनमध्ये लोक त्यांना वाढवून समुद्रात सोडतात. प्राणी एकाच कुळातला.

म्हणूनच ‘किती आहेत’ या प्रश्नाला एकट्याला अर्थ नाही. शैवाल किती, प्रवाळ किती, शत्रू मासे किती, हे सगळं त्याच पट्ट्यावर त्याच दिवशी मोजावं लागतं.

वाढवून सोडण्याचं काम सुरू आहेच. फ्लोरिडात आणि कॅरिबियनमधल्या काही बेटांवर प्रयोगशाळेत डायडेमाची पैदास होते. अळीची अवस्था सर्वांत नाजूक. पाणी सतत हलतं ठेवावं लागतं, सूक्ष्म शैवालाचा खुराक मोजून द्यावा लागतो. महिनाभराहून जास्त हे केल्यावर काही अळ्या बसतात. रुपयाच्या नाण्याएवढे झाले की त्यांना खडकावर सोडतात. पहिल्या काही रात्रींत त्यातले बरेच गायब होतात. काही खाल्ले जातात, काही लांब निघून जातात. म्हणून आता आधी लपायला कृत्रिम आडोसे देऊन, मग हळूहळू मोकळं सोडण्याचे प्रयत्न चालू आहेत. हे काम खर्चिक आहे. त्याने अख्खा समुद्र भरून येणार नाही. पण एखाद्या खडकावर फलन होईल इतकी दाटी झाली, तर पुढचं काम निसर्ग करू शकतो, हा त्यामागचा हिशोब.

लक्षद्वीप आणि मालवण

भारतात प्रवाळ मुख्यतः चार ठिकाणी: अंदमान-निकोबार, लक्षद्वीप, मन्नारचं आखात आणि कच्छचं आखात. महाराष्ट्राचं नाव या यादीत नसतं, पण मालवणच्या खडकांवर जिवंत प्रवाळ आहेत. गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेचे एस. झेड. कासिम आणि एम. व्ही. एम. वफर यांनी १९७९ मध्येच पश्चिम किनाऱ्यावर रत्नागिरी, मालवण, रेडी इथल्या प्रवाळांची नोंद केली होती. १९८७ मध्ये मालवणला २९ चौरस किलोमीटरचं सागरी अभयारण्य जाहीर झालं. याशिवाय विजयदुर्गपासून शंभरेक किलोमीटर आत समुद्रात, कान्होजी आंग्रे यांचं नाव असलेला ‘आंग्रिया बँक’ हा बुडालेला प्रवाळ पठार आहे.

मालवणचे प्रवाळ अवघड जागी राहतात. पावसाळ्यात नद्यांचा गाळ येतो, पाणी गढूळ होतं. टिकतात ते चिवट, बसकट जातीचे. त्यात पर्यटन. गोव्याच्या त्याच संस्थेतल्या कल्याण दे, संभाजी मोटे आणि सहकाऱ्यांनी २०२० मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात स्कूबा आणि स्नॉर्केलिंगमुळे मालवणच्या प्रवाळांची मोडतोड होत असल्याचं दाखवलं. नांगर, पायाचे फिन, फोटोसाठी पकडलेला खडक, हे सगळं त्यात आलं. ‘खाली पाय टेकवू नका’ ही सूचना पायाच्या काळजीने दिली जात असेल, पण तिचा जास्त फायदा प्रवाळांना आहे.

मोजणीचा मोठा भारतीय धडा मात्र लक्षद्वीपचा. म्हैसूरच्या नेचर कॉन्झर्व्हेशन फाउंडेशनचे रोहन आर्थर आणि सहकारी १९९८ पासून तिथल्या आगत्ती, कडमत आणि कवरत्ती बेटांचे खडक पाहत आहेत. १९९८, २०१० आणि २०१६ या तिन्ही उष्ण लाटा त्यांच्या नोंदवहीत आहेत. २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या विश्लेषणानुसार जिवंत प्रवाळांचं आच्छादन १९९८ मधल्या ३७ टक्क्यांवरून २०२२ मध्ये १९.६ टक्क्यांवर आलं. चोवीस वर्षांत जवळपास निम्मं.

१९९८ च्या लाटेनंतर मात्र लक्षद्वीपचं जमैका झालं नाही. मेलेल्या प्रवाळांवर शैवालाचं रान माजलं नाही आणि काही खडक पुन्हा भरू लागले. याचं एक कारण समुद्राबाहेर होतं. लक्षद्वीपचे मच्छीमार पारंपरिकरीत्या गळाच्या काठीने खोल पाण्यातला ट्युना पकडतात, त्यामुळे खडकावरचे शैवाल खाणारे मासे बऱ्यापैकी शाबूत राहिले होते. जमैकात जे नऊ गडी आधीच गेले होते, ते इथे कामावर होते. अलीकडे खडकावरच्या माशांनाही बाजार मिळू लागला आहे. त्यावर संशोधकांचं लक्ष आहे ते याच कारणाने.

लाल समुद्रात मेलेली डायडेमा सेटोसम ही जात भारताच्या प्रवाळ खडकांवरही राहते. आजारी सी अर्चिन ओळखायला यंत्र लागत नाही. निरोगी डायडेमावर हाताची सावली पडली की त्याचे काटे लगेच त्या दिशेला वळतात. आजारी असेल तर काटे ढिले पडलेले असतात, सावलीला उत्तर मिळत नाही, आणि ज्याने दिवसा कपारीत असायला हवं तो भर उजेडात उघड्या वाळूवर पडलेला दिसतो. असं काही दिसलं तर त्याला हात लावायचा नाही, उचलून दुसरीकडे टाकायचं नाही. फोटो, जागा, तारीख आणि खोली एवढं टिपून तिथल्या वनविभागाला किंवा सागरी संशोधन संस्थेला कळवायचं. सेंट थॉमसची बातमी नकाशावर आली, ती अशाच नोंदींतून.